वासुदेव बळवंत आणि ठासणीची बंदूक

आद्य क्रांतिकारक म्हणून वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेले असते. छातीपर्यंत दाढी, करारी डोळे असे त्यांचे छायाचित्रही पाहिलेले असते. एडनचा तुरुंग, तिथला मृत्यू एवढे पाठही असते. पण हा माणूस बंडाला उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात नेमके काय होते, त्याची गोळी कुठवर जात होती आणि समोरच्याची कुठवर, हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. वासुदेव बळवंत स्वतः हिशेबाच्या खात्यातले. त्यामुळे त्यांचे चरित्र या बाजूनेही पाहायला हरकत नाही, असे माझ्यासारख्या सरकारी नोकराला, आणि त्यातही मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेल्याला, वाटते.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेल तालुक्यातील शिरढोण या गावी झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली कर्नळ प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला तेव्हा किल्ला लढवणारे ते हेच. तेव्हा बंदूक, गोळी, बारूद या गोष्टी त्या घराला नव्या नव्हत्या. पण नातवाच्या वाट्याला आली ती लेखणी. कल्याण, मुंबई, पुणे असे थोडेफार इंग्रजी शिक्षण झाले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नोकरी धरली. आधी जी. आय. पी. रेल्वे, मग ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर लष्कराच्या कमिसारिएट एक्झामिनरचे ऑफिस. १८६५ मध्ये बदली होऊन ते पुण्याला आले आणि पुढची चौदा वर्षे याच कचेरीत राहिले.

हे खाते काय काम करीत होते ते समजून घेतले पाहिजे. कमिसारिएट म्हणजे फौजेचा शिधा, चारा, जनावरे, गाड्या पुरवणारे खाते आणि एक्झामिनर म्हणजे त्याची बिले तपासणारा. कुठल्या छावणीत किती माणसे, किती घोडे, किती धान्य लागते, कुठून कुठे हलवले जाते, हे ज्या कागदांवरून जाते ते कागद वासुदेव बळवंतांच्या मेजावरून जात. फौजेचे पोट किती मोठे आहे हे त्यांना कुणी सांगायला नको होते. आणि याच कारणाने, आपण कुणाशी भिडतो आहोत हे माहीत नसल्यामुळे ते बंडात पडले, असे म्हणताच येत नाही.

नोकरीतला सल होता तो रजेचा. १८७० च्या सुमारास शिरढोणला आई सरस्वतीबाई आजारी पडल्या. रजेचा अर्ज या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत राहिला. शेवटी ते तसेच निघून गेले, पण पोचेपर्यंत आई गेलेली होती. पुढल्या वर्षी वर्षश्राद्धासाठी पुन्हा रजा मागितली, तीही मिळाली नाही. आपल्या मंडळातल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा रेल्वेत, कचेरीत, गिरणीत नोकरी धरूनच सुरतेला आले. गावाकडून पत्र यायचे आणि रजा नसायची, ही गोष्ट आपल्या घरांनाही नवी नाही. पण आपले पूर्वज दुःख गिळून कामावर जात राहिले. वासुदेव बळवंतांनी ते गिळले नाही. त्यांच्या बंडाचे कारण केवळ ही रजा, असे सांगणारे मात्र त्यांना लहान करतात. पुण्यात न्या. रानड्यांची व्याख्याने चालू होती, देशाचा पैसा कसा बाहेर जातो ते आकड्यांनी सांगितले जात होते, आणि सार्वजनिक काका स्वदेशीचे व्रत घेऊन बसले होते. हिशेबनिसाला आकडे लवकर कळतात.

त्या वर्षांत त्यांनी जी कामे हाती घेतली ती बंडखोराची वाटत नाहीत. तरुणांसाठी ऐक्यवर्धिनी सभा काढली. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत भाग घेतला. तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. पुण्याची भावे स्कूल आणि गरवारे कॉलेज तिचेच. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर दुसरे लग्न झाले, त्या गोपिकाबाईंना त्यांनी लिहायला-वाचायला, घोड्यावर बसायला आणि तलवार धरायलाही शिकवले. स्वतः दत्तभक्त, रोजची पूजा न चुकवणारे.

आणि याच्या जोडीला तालीम. पुण्यात गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांचा आखाडा होता. लहुजींचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. जोतीराव फुल्यांनीही याच आखाड्यात अंग कमावले. इथे दांडपट्टा, कुस्ती, तलवार आणि नेमबाजी शिकवली जाई. वासुदेव बळवंत तिथे शिकले आणि मग स्वतः तरुण मुलांना घेऊन गावाबाहेर, गुलटेकडीच्या बाजूला आणि आसपासच्या टेकड्यांवर जाऊ लागले. सकाळ-संध्याकाळ सराव चाले. शहरापासून दूर यासाठी, की बंदुकीचा आवाज लपत नाही.

आता ही बंदूक कोणती, ते पाहू. आपल्याकडे जुन्या बंदुकांना किती नेमकी नावे आहेत! पेटत्या वातीने बार उडवायची ती तोड्याची. गारगोटीच्या ठिणगीने उडायची ती चापाची. नंतर आली टोपीची किंवा केपाची. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर गोळी घालायची आणि लोखंडी गजाने ठासायची, म्हणून या सगळ्याच ठासणीच्या बंदुका. डांगच्या बाजूला कामानिमित्त फिरताना एखाद्या शेतकऱ्याच्या घरात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली अशी बंदूक अजूनही भिंतीला टांगलेली दिसते. रानडुकराला पळवण्यापुरता तिचा उपयोग, पण घडण दीडशे वर्षांपूर्वीचीच.

बारूद म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा. हे तिन्ही आपल्या देशात मिळत. सुरतेच्या इंग्रज वखारीतून एके काळी शोरा जहाजांवर चढत असे. शिसे वितळवून साच्यात गोळी ओतणेही खेड्यात जमे. बारूद चांगली की नाही हे बघायला चिमूटभर कागदावर जाळून पाहत. काजळी न ठेवता भस्सकन उडाली तर ती कोरडी आणि बारीक कुटलेली. इथपर्यंत सगळे घरचे. अडत होते ते टोपीपाशी. तांब्याची, करंगळीच्या नखाएवढी ही टोपी. तिच्या आत पाऱ्यापासून केलेले स्फोटक द्रव्य असते. घोडा पडला की टोपी फुटते आणि ठिणगी आत जाऊन बार उडतो. पावसाळी हवेत तोड्याची वात विझते तशी ही विझत नाही, हा तिचा मोठा गुण. पण टोपी चुलीवर होत नाही. तिला कारखाना लागतो. दारूगोळ्याचा असा सरकारी कारखाना १८६९ मध्ये पुण्याला लागून खडकीतच उभा राहिला होता. ज्या गावी लहुजींचे वडील पडले त्याच गावी.

ठासणीची साधी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक सरावलेला माणूस मिनिटाला दोन-तीनदा उडवतो. पन्नास-साठ पावलांपलीकडे नेम नशिबावर. जवळून मारली तर शिशाची गोळी फळी फोडते, गोधडीतून पार होते. लांबून तीच गोळी मातीच्या भिंतीत रुतून बसते. गोळी किती आत जाते ते मोजायची रीत इंग्रज-अमेरिकनांनीही अशीच काढली होती. एक इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या एकामागे एक उभ्या करायच्या, गोळी मारायची आणि किती फळ्या फुटल्या ते मोजायचे. अमेरिकेत कोल्टने काढलेले टोपीचे सहाबारी पिस्तूलही या फळ्यांवर तपासले गेले. त्यातले खिशात मावणारे लहान पिस्तूल जेमतेम तीन ग्रॅमची गोळी टाकी. तिच्या मागे बारूद असे ती ग्रॅमभराच्या आसपास. कमरेला लावायचे नेव्ही पिस्तूल पाच ग्रॅमच्या वर.

या पिस्तुलांची एक हकीकत आपल्याच देशातली आहे. १८५७ च्या धामधुमीत एक इंग्रज अधिकारी आपल्या नेव्ही कोल्टवर आणि नेमावर फार खूश होता. अंगावर चालून आलेल्या एका शिपायावर त्याने पिस्तूल रिकामे केले. गोळ्या लागल्याही. पण लहान, हलक्या गोळ्या शरीरातून आरपार गेल्या आणि शिपाई थांबला नाही. त्याने तलवारीने साहेबाला संपवले. फॉस्बेरी नावाच्या, पुढे शस्त्रसंशोधक म्हणून नाव मिळवलेल्या लष्करी अधिकाऱ्याने ही गोष्ट नोंदवली आणि गोळी किती आत जाते एवढेच न पाहता ती माणसाला थांबवते का तेही पाहावे, असा वाद तिथून बराच चालला. मला या गोष्टीत तो शिपाई दिसतो. त्याचे नाव कुणी नोंदवले नाही.

मात्र १८५७ आणि १८७९ यांच्यामध्ये बंदूक बदलली होती. टोपी आणि ठासणीचा काळ इंग्रज फौजेपुरता संपला होता. देशी पलटणींकडे स्नायडर आणि गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आल्या होत्या. या मागून भरायच्या बंदुका. काडतूस घालायचे, बंद करायचे, मारायचे. मिनिटाला दहा बार सहज. गोळी सुमारे एकतीस ग्रॅमची, नळीला आतून पीळ, त्यामुळे ठासणीच्या बंदुकीचा नेम जिथे संपतो त्याच्या कितीतरी पुढे हिचा नेम चालतो. आणि भरण्यासाठी उभे राहावे लागत नाही, आडवे पडून भरता येते. ठासणीवाल्याला मात्र नळी उभी धरून गज चालवावा लागतो, म्हणजे खडकाआडून बाहेर यावे लागते. हा फरक कवायतीने भरून निघत नाही.

त्यातच १८७८ चा अकरावा कायदा आला, शस्त्रांचा. लिटन व्हाइसरॉय होता. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरला, दारूगोळ्याचाही त्यात समावेश झाला. देशी वृत्तपत्रांवरचा कायदाही त्याच सालचा. आणि सुरतकरांना याच वर्षाची आणखी एक आठवण असायला हवी. दुष्काळ निवारणाच्या नावाखाली लायसन टॅक्स बसवला गेला, त्याविरुद्ध एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, दंगल झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पकडलेल्यांच्या बाजूने तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि त्यांचे नाव झाले. पुण्यातला कारकून एकटाच चिडलेला होता असे नाही.

१८७६ ते १८७८ हा दख्खनचा मोठा दुष्काळ. वासुदेव बळवंत वेष बदलून खेड्यापाड्यांत फिरले आणि जे पाहिले त्याने त्यांचा उरलासुरला धीर संपला. पुण्यातल्या शिकलेल्या, पांढरपेशा लोकांकडे मदत मागून पाहिली. फारशी मिळाली नाही. मग ते रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर यांच्याकडे गेले. उमाजी नाईकांची आठवण रामोश्यांत ताजी होती. त्या काळातला एक ब्राह्मण कारकून रामोश्यांच्या पंक्तीला बसून बंडाची आखणी करतो, ही गोष्ट मला बंदुकांपेक्षाही मोठी वाटते. मंगल पांडे शिपाई होता, तात्या टोपे पेशव्यांच्या पदरचे. यांना हत्यार वारशाने किंवा पेशाने मिळाले. वासुदेव बळवंतांनी ते स्वतः उचलले.

फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी पुणे सोडले. २३ फेब्रुवारीला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. गावात साऱ्याचा पैसा जमलेला असेल असा अंदाज होता, तो आधीच हलवला गेला होता. मग सावकाराचे घर फोडले. हाती अपेक्षेपेक्षा फारच थोडे आले. पुढे वाल्हे, जेजुरीच्या परिसरात छापे चालू राहिले. पैसा कशाला हवा होता? माणसांना पगार द्यायला आणि हत्यारे घ्यायला. त्यांचा मूळ बेत दरोड्यांचा नव्हताच. टपाल आणि तारा तोडायच्या, तुरुंग फोडायचे, चारही बाजूंनी एकदम उठाव करायचा असा होता. पण त्याला पगारी फौज हवी, फौजेला बंदुका हव्यात, बंदुकांना टोप्या हव्यात आणि त्या घ्यायला रोख हवी. छाप्यांत आलेल्या रकमेवरून साथीदारांत कुरबुरी सुरू झाल्या. आपल्या लोकांना लूट महत्त्वाची वाटते आणि बंड दुय्यम, हे पाहून ते खचले. ती खंत त्यांच्या आत्मचरित्रात आणि रोजनिशीत आहे.

मोठा हात मारला तो दौलतराव नाईक या रामोशी पुढाऱ्याने. १० मे १८७९ च्या रात्री कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली येथे छापे घातले आणि सुमारे दीड लाखांचा ऐवज नेला. पळस्पे हे शिरढोणच्या शेजारचेच. एवढ्या पैशात बंडाचे रूप बदलले असते. पण घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले. फौजेच्या बंदुका आणि रामोश्यांची हत्यारे यांच्यातला फरक त्या डोंगरात उघडा पडला. दौलतराव गोळी लागून पडले, लूट परत गेली.

त्याच महिन्यात पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले आणि संशय वासुदेव बळवंतांच्या माणसांवर गेला. नंतर निघाले ते असे की सरकारी बुक डेपोतल्या एका कारकुनाने अफरातफर झाकायला आग लावली होती. दोन कारकून, एकच शहर, एकच मे महिना! तोवर न्या. रानड्यांवरही सरकारची नजर वळली होती आणि त्यांची बदली नाशिकहून धुळ्याला झाली. आपल्या खानदेशी मंडळींच्या गावी ते त्या वेळी आले ते असे.

गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या सरकारने वासुदेव बळवंतांना पकडून देणाऱ्यास इनाम लावले. त्यांनी उलट गव्हर्नरच्याच शिरावर इनाम जाहीर केले. लोकांना काम द्या, कर कमी करा, मोठ्या साहेबांचे पगार कापा, अशा मागण्या त्यांच्या जाहीरनाम्यात होत्या. लंडनच्या वृत्तपत्रांपर्यंत त्याची दखल गेली. पण माणसे पांगत चालली होती. ते दक्षिणेकडे श्रीशैल मल्लिकार्जुनापर्यंत गेले, तिथून परतून निजामाच्या मुलखात रोहिल्यांची फौज उभारण्याची खटपट केली. रोहिल्यांकडे बंदुका होत्या आणि त्या चालवण्याचा सरावही. या वेळी हिशेब बरोबर मांडला होता, पण वेळ उरला नव्हता. डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक मागावर होते. जुलै १८७९ मध्ये, भर पावसाळ्यात, तापाने फणफणलेले वासुदेव बळवंत भीमेकाठच्या देवर नावदगी गावी देवळात झोपले असताना पकडले गेले.

पुण्यात संगमाजवळच्या कोर्टात खटला चालला. कुणी वकील पुढे येईना, तेव्हा सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी उभे राहिले; पुढे महादेव चिमणाजी आपट्यांनी काम चालवले. पुरावा म्हणून सरकारने मांडली ती आरोपीच्याच हातची रोजनिशी आणि आत्मचरित्र. बारीकसारीक लिहून ठेवायची कचेरीतली सवय बंडातही सुटली नव्हती. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटल्याच्या दिवशी रस्त्यावर लोकांची गर्दी लोटत होती. मदतीला पुढे न आलेलेही त्यात असणार.

अंदमानात ठेवले तर तिथे कैद्यांत बंड करतील या भीतीने त्यांना जानेवारी १८८० मध्ये एडनला नेले. तिथेही ते एकदा खोलीचे दार बिजागरीतून उचकटून, भिंत ओलांडून पळाले. पायांतल्या बेड्यांसह. वाळवंटात काही मैलांवर सापडले. त्यानंतर पहारा आणि हाल दोन्ही वाढले. प्रकृती ढासळत गेली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला.

भारत सरकारने १९८४ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. मुंबईत धोबी तलावच्या चौकाला त्यांचे नाव आहे आणि पुण्यात संगम पुलाजवळ त्यांचे स्मारक आहे. आपल्यापैकी जे गणपती आटोपल्यावर किंवा शिमग्याला गाडीने कोकणात उतरतात, त्यांना पनवेल सोडल्यावर पळस्पे फाटा लागतो आणि थोडे पुढे गोवा महामार्गावरच शिरढोण. तिथे त्यांचा वाडा आहे. तिथून पुढे निघाले की कर्नाळ्याचा सुळका समोर दिसतो.